कबनूरमध्ये किती वाजले, हे कोण ठरवतं?

'किती वाजले' हा प्रश्न आपल्याला कधी अवघड वाटत नाही. मोबाईल बघायचा आणि सांगायचं. कबनूर असो, इचलकरंजी असो, नाहीतर पार गुवाहाटी, देशभर एकच वेळ. त्यामुळं 'पृथ्वीवरच्या या ठिकाणी कुठली वेळ चालते' एवढंच सांगणारं एक सॉफ्टवेअर असतं आणि गेले काही महिने मी त्याचं पॅकेजिंग करतोय, असं सांगितलं की लोक हसतात. परवा चौकात एकानं विचारलंच, "पॅकिंगला पोतं वापरतोस का खोकं?"

त्याला तिथं नीट उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांब आहे. म्हणून ही पोस्ट. वाचायला दहा मिनिटं लागतील, पण विषय वाटतो तेवढा परका नाही.

आधी गरज कुठून आली ते सांगतो. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातून, तासगाव भागातून, द्राक्षं परदेशात जातात. कंटेनर थंड ठेवलेला असतो आणि आत एक छोटं यंत्र ठराविक मिनिटांनी तापमान, अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदवत असतं. ही वेळ भारतीय नसते, युरोपीयही नसते, ती जागतिक प्रमाणवेळ असते. माल नेदरलँड्सला उतरला आणि खरेदीदार म्हणाला, "सकाळी सात वाजता दार उघडलं तेव्हा माल गरम होता," तर यंत्रातली नोंद तिथल्या घड्याळात बदलून बघावी लागते. त्या नोंदीवर पैसे ठरतात. दार उघडण्याआधी माल गरम झाला असेल तर जबाबदारी एकाची, उघडल्यावर झाला असेल तर दुसऱ्याची.

आणि इथंच गंमत आहे. हिवाळ्यात आपण नेदरलँड्सच्या साडेचार तास पुढं असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, मग फरक साडेतीन तासांचा होतो. २०२५ मध्ये हा रविवार ३० मार्चला आला. म्हणजे ऐन द्राक्षाच्या हंगामात. कंटेनर एका वेळेत निघतो आणि दुसऱ्या वेळेत पोहोचतो. कागदावर साडेचार तास वजा करून हिशोब मांडला तर बरोबर एका तासाचा घोळ होतो, आणि शेतकऱ्याच्या अंगावर नुकसान यायला एक तास पुरतो.

हा हिशोब करून देणाऱ्या ऑनलाइन सेवा आहेत. अक्षांश-रेखांश पाठवा, उत्तर घ्या. अडचणी दोन. पहिली, पॅकहाऊसमधल्या त्या जुन्या संगणकाला इंटरनेट असेलच असं नाही, आणि हंगामात कुणी रेंज शोधत फिरत नाही. दुसरी त्याहून मोठी. आपला माल कुठं आहे, कुठल्या रस्त्यानं जातोय, कुठं किती वेळ थांबलाय, ही सगळी माहिती कुठल्यातरी परक्या कंपनीला दर दहा मिनिटांनी कळवायची, ती कशासाठी? किती वाजले ते विचारण्यासाठी? मला हे पटत नाही. एवढ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच टेबलावर मिळायला पाहिजे.

मिळतं. पायथॉन भाषेत 'टाइमझोनफाइंडर' नावाची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरू शकतो. ही मोफत आहे, मुक्त परवान्याची आहे आणि नेटशिवाय चालते. जगभरातल्या कालपट्ट्यांच्या सीमा तिच्या पोटातच असतात. कबनूरचे आकडे द्या, साधारण १६.७ उत्तर आणि ७४.५ पूर्व. ती म्हणते, 'एशिया/कोलकाता'. हे आपल्या भारतीय प्रमाणवेळेचं संगणकातलं नाव.

ती हे कसं शोधते? शेतकऱ्याच्या पोराला दोन मिनिटांत कळेल. समजा तुम्ही रानात उभे आहात आणि हे रान तुमच्या गटातलं आहे की शेजाऱ्याच्या, ते ठरवायचंय. तोंड पूर्वेला करा आणि नाकासमोर चालत सुटा. तुमच्या गटाचा बांध किती वेळा ओलांडला ते मोजा. आकडा विषम आला तर सुरुवातीला तुम्ही गटाच्या आत होता. सम आला तर बाहेर. बांध कितीही वाकडातिकडा असू दे, हा नियम चुकत नाही. लायब्ररी नेमकं हेच करते, फक्त बांधाऐवजी देशांच्या सीमा असतात आणि चालण्याऐवजी आकडेमोड.

पण हजारो वळणांची सीमा दर वेळी मोजत बसली तर वेळ जाईल. म्हणून सगळी पृथ्वी आधी मधाच्या पोळ्यासारखी षटकोनात कापून ठेवलीय. कबनूर ज्या षटकोनात येतं तो सगळाच्या सगळा भारतात आहे, तिथं बांध मोजायची गरजच नाही, लगेच उत्तर. बांगलादेशच्या सीमेवरच्या षटकोनात मात्र दोन वेळा नांदतात, तिथं मोजणी होते. मोजणी खात्यानं हे शिकण्यासारखं आहे. जिथं वाद नाही तिथं साखळी कशाला टाकायची?

आता चौकातल्या मित्राच्या प्रश्नाकडं. पॅकेजिंग म्हणजे काय?

लायब्ररी एकटी येत नाही. तिला आकडेमोडीची दुसरी लायब्ररी लागते, षटकोनांची तिसरी लागते, त्या त्या संगणकाला चालतील अशा घडवून घ्याव्या लागतात. सीमांची मोठी फाईल लागते. नेट असेल तर हे सगळं एका आज्ञेत उतरतं. नेट नसेल तर कुणीतरी आधी सगळं गोळा करून, एकमेकांना जुळतंय का बघून, एका फाईलमध्ये बांधून ठेवावं लागतं. ती फाईल पेनड्राईव्हवर घातली आणि पॅकहाऊसमधल्या संगणकावर चालवली की काम सुरू. लग्नाचा आचारी जसा यादी घेऊन येतो, मीठ-मोहरीपासून उलथन्यापर्यंत, आणि मांडवात आल्यावर 'जरा दुकानात जाऊन या' म्हणत नाही, तसं हे काम आहे.

आणि यादी करताना निर्णय घ्यावे लागतात.

पहिला निर्णय, कुठला नकाशा घ्यायचा? तीन मिळतात. एकात सगळ्या कालपट्ट्यांची नावं आहेत. दुसऱ्यात, १९७० पासून ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकत्र केलंय. तिसऱ्यात, इथून पुढं ज्यांची सारखी चालतील त्यांना. तिसरा सगळ्यात हलका. पण हलक्या नकाशात अ‍ॅमस्टरडॅमचं नाव दुसऱ्याच शहरात विरघळतं. वेळ बरोबर येते, पण भांडणाच्या कागदावर भलत्या शहराचं नाव बघून खरेदीदार शंका काढणार. म्हणून मी जड नकाशा घेतला.

दुसरा निर्णय, समुद्राचं काय? आपला कंटेनर कित्येक दिवस पाण्यावर असतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा तर प्रवास आणखी लांबला. खोल समुद्रावर कुठल्याच सरकारचं घड्याळ चालत नाही. तिथं पंधरा-पंधरा अंशांचे सरळ पट्टे असतात. कोकण किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ओलांडले की लायब्ररी भारतीय वेळ सोडते आणि रत्नागिरीपेक्षा अर्धा तास मागं असलेला पट्टा सांगते. त्या पट्ट्याचं नाव 'जीएमटी उणे ५' आणि अर्थ मात्र ग्रीनिचच्या पाच तास पुढं! जुन्या संगणकी पद्धतीमुळं चिन्ह उलटं राहिलंय. पॅकेजसोबतच्या माहितीपत्रात हे मराठीत लिहून ठेवलंय, नाहीतर पुढचा माणूस 'चूक आहे' म्हणून दुरुस्त करायला जाईल आणि बिघडवून ठेवेल.

तिसरा विषय नाजूक आहे. पाकव्याप्त काश्मीरमधला बिंदू दिला तर लायब्ररी 'एशिया/कराची' सांगते. आपल्या अधिकृत नकाशात तो भाग भारताचा आहे, आणि आहेच. पण ही फाईल जमीन कुणाची हे सांगत नाही, तिथल्या भिंतीवरचं घड्याळ काय दाखवतं एवढंच सांगते. चीनच्या शिनजियांग भागात तर एकाच गावात दोन वेळा पाळल्या जातात, सरकारी बीजिंगची आणि स्थानिक दोन तास मागची. नकाशात तिथं दोन्ही पट्टे एकमेकांवर पडतात. नकाशा आणि घड्याळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या कामानं शिकवलं.

२०१५ चं उदाहरण घ्या. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशनं एकमेकांच्या हद्दीत अडकलेली गावं अदलाबदल केली. १११ आपल्याकडून गेली, ५१ आपल्याकडं आली. बांगलादेश आपल्या अर्धा तास पुढं. म्हणजे घर तिथंच, चूल तिथंच, पण नकाशावर त्या घराची वेळ अर्ध्या तासानं बदलली. कुठल्यातरी स्वयंसेवकानं ती सीमा नकाशात दुरुस्त केली असेल तरच आज ही लायब्ररी बरोबर उत्तर देते.

आता मुख्य मुद्दा. हा सगळा डेटा आला कुठून?

सीमा आल्या ओपनस्ट्रीटमॅपवरून. हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यानं सुरू केला, कारण तिथला सरकारी नकाशा महाग आणि बंधनातला होता. आज जगभरातले लोक तो भरतात. त्यातून कालपट्ट्या वेगळ्या काढण्याचं काम इव्हान सिरोकी या प्रोग्रॅमरनं उभं केलं. परवान्याची अट एवढीच की श्रेय द्या, आणि डेटात सुधारणा करून वाटलात तर ती सुधारणाही सगळ्यांना खुली ठेवा.

आणि प्रत्येक पट्टीत कधी कुठली वेळ होती याचे नियम आले 'टीझेड डेटाबेस'मधून. तुमच्या मोबाईलमध्ये, बँकेच्या संगणकात, विमानाच्या तिकिटात बहुतेक ठिकाणी हाच डेटाबेस आहे. कुणी बांधला? आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या एका अमेरिकी सरकारी संस्थेतल्या माणसानं १९८० च्या दशकात सुरू केला, पुढं पॉल एगर्ट या प्राध्यापकानं सांभाळला. वर्षानुवर्षं, नोकरी सांभाळून.

२०११ मध्ये या दोघांवर खटला झाला. करणारी होती अ‍ॅस्ट्रोलेब, ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. तिचं म्हणणं, जुन्या वेळांची माहिती आमच्या मालकीच्या पुस्तकातून घेतलीय. अमुक गावात अमुक साली घड्याळ पुढं केलं, ही घडलेली गोष्ट. तिच्यावर मालकी कसली? पण खटला म्हटल्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये डेटाबेसचा सर्व्हर बंद झाला. काही दिवसांत इंटरनेटचे पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेनं, आयानानं, तो आपल्याकडं घेतला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं खटला मागं घेतला. तेवढे दिवस जगाच्या घड्याळाचा खिळा दोन माणसांच्या खांद्यावर टेकलेला होता, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची गोष्ट सांगतो.

१ जानेवारी १९०६ पासून देशात आजची प्रमाणवेळ लागू झाली. ती मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची. कबनूर तिथून आठ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३२ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. मुंबईचा फरक ३९ मिनिटांचा. मुंबईनं ही नवी वेळ सहजासहजी मान्य केली नाही. जानेवारी १९०६ मध्येच जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी घड्याळावरून काम बंद पाडलं. त्यांचा हिशोब सरळ होता, भोंगा तोच, पण उठायचं आता अंधारात. शहरात पुढं कित्येक वर्षं दोन वेळा चालल्या, रेल्वेची एक आणि महापालिकेची एक. 'मुंबई टाइम' अधिकृतपणे संपला तो १९५५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी!

आता लायब्ररीला विचारा, १९४८ मध्ये गिरगावात किती वाजले होते? ती भारतीय प्रमाणवेळ सांगेल. कारण टीझेडचा नियम असा की १९७० नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच स्वतंत्र नाव. मुंबईची वेळ त्याआधीच संपली, म्हणून मुंबईला स्वतःचं नाव नाही. 'कोलकाता'च्या नोंदीत हावड्याची वेळ आहे, मद्रासची आहे, दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ घड्याळं एक तास पुढं होती तेही आहे. ३९ मिनिटांचा मुंबई टाइम त्यात नाही. आपल्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कितीतरी कुटुंबांत त्या काळात पोरं जन्मली. कुणाची जन्मवेळ मुंबई टाइममध्ये लिहिली असेल तर संगणकावरची पत्रिका ३९ मिनिटांनी हुकते. जुन्या ज्योतिषांना हे ठाऊक असतं, सॉफ्टवेअरला नसतं. पत्रिका माना न माना, पण जुन्या नोंदी, कोर्टाचे कागद, गिरणीच्या पाळ्या, सगळ्यांना हा हिशोब लागू आहे.

मला यात टीझेडवाल्यांचा दोष दिसत नाही. जगभरचा सगळा इतिहास भरत बसले असते तर काम कधीच पूर्ण झालं नसतं. रेघ कुठंतरी ओढावी लागते. पण त्यांच्या रेघेपलीकडं आपलं जे राहिलं ते आपणच लिहून ठेवलं पाहिजे. मी पॅकेजमध्ये मुंबई टाइमची एक छोटी वेगळी फाईल जोडलीय, मूळ डेटाला हात न लावता.

ऑफलाइन वापराचा एक धोकाही सांगायला हवा. पेनड्राईव्हवरची वेळ शिळी होते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारनं अचानक जाहीर केलं की घड्याळं यंदा रमजान संपल्यावर पुढं करू. घोषणा आणि अंमलात दोन-तीन दिवसांचं अंतर. काही संस्थांनी ऐकलं, काहींनी नाही, एकाच शहरात दोन वेळा झाल्या. काही दिवसांत सरकारनं निर्णय फिरवला. टीझेडनं आधी बदल घातलेली आवृत्ती काढली आणि पाठोपाठ तो काढून टाकलेली दुसरी. मधली आवृत्ती कुणी पेनड्राईव्हवर घेऊन ठेवली असेल तर? म्हणून माझ्या पॅकेजच्या नावातच डेटाची तारीख आहे, आणि ती सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की प्रोग्रॅम पडद्यावर मराठीत सांगतो, 'नवीन आवृत्ती घ्या'.

हे आपल्यालाही लागू पडू शकतं. ईशान्येतल्या लोकांची वेगळ्या वेळेची मागणी जुनी आहे. आसामच्या चहामळ्यांत आजही 'बागान टाइम' पाळतात, घड्याळ एक तास पुढं. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनीच दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव शोधनिबंधात मांडला. सरकारनं तो मान्य केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर उलट दिशेनं नियमांचा मसुदा आला, की सगळ्या व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरायची. एक वेळ ठेवा नाहीतर दोन करा, त्यावर वेगळं भांडू. पण जे कराल ते वर्षभर आधी जाहीर करा. संध्याकाळी अधिसूचना आणि सकाळी अंमल, ही आपली सवय घड्याळाला परवडणारी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गावात सार्वजनिक विहीर असते. पाणी सगळे भरतात, पण गाळ काढायला दरवर्षी चार माणसं उतरावी लागतात. ती उतरली नाहीत तर विहीर कुणी चोरून नेत नाही, ती आपोआप बुजते, आणि मग टँकरवाला सांगेल तो दर द्यावा लागतो. टीझेड डेटाबेस, ओपनस्ट्रीटमॅप, ही लायब्ररी, या जगाच्या सार्वजनिक विहिरी आहेत. आपण आजवर फक्त पाणी भरलं. इचलकरंजी परिसरात संगणक शिकलेली पोरं घरटी सापडतील. त्यातल्या दहांनी वर्षातून एक दिवस गाळ काढायला दिला तरी पुष्कळ.

काम काय आहे ते सांगतो. एक, कबनूरच्या गल्ल्या, ओढे, वाड्यावस्त्या ओपनस्ट्रीटमॅपवर नीट भरायच्या आहेत, मोबाईल पुरतो. दोन, घरात १९५५ आधीचा मुंबईचा कागद असेल, ज्यावर वेळेसोबत 'मुं. टा.' किंवा 'स्टँ. टा.' असं काही लिहिलंय, तर त्याचा फोटो दाखवा, नाव झाकून चालेल. तीन, पॅकेज ज्याला हवं त्यानं पेनड्राईव्ह घेऊन यावं. पैसे नाहीत, श्रेयाची ओळ मात्र काढायची नाही.

आणि चौकातल्या मित्रा, पोतं नाही, खोकंही नाही. खिशात मावतं.